पाण्यावर धावणारी गाडी: उत्प्रेरक नेमकं काय करतो

‘टाकीत नॅनो-उत्प्रेरक टाका, पाण्यातून हायड्रोजन निघेल आणि गाडी नुसत्या पाण्यावर धावेल.’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच तो पटतो.

उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया जलद करणारा पदार्थ. सच्छिद्र निकेलसारखे उत्प्रेरक पाणी फोडायला, म्हणजे त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला, खरंच मदत करतात. करामत असते ती छिद्रांची. पाण्याच्या फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन घ्या: एका ग्रॅमला साधारण ५०० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त पृष्ठभाग. चिमटीत जवळजवळ पाच गुंठे! जागा जास्त, म्हणून अभिक्रिया जलद.

पण उत्प्रेरक म्हणजे घाटातला बोगदा: वाट सोपी झाली तरी वरच्या गावाची उंची तीच राहते. १ किलो हायड्रोजनसाठी सुमारे ९ लिटर पाणी आणि किमान ३९ युनिट ऊर्जा लागते. उत्प्रेरक फक्त त्यावरची नासाडी कमी करतो. तो हायड्रोजन जाळून परत मिळतात फार तर तेवढीच ३९ युनिटं, आणि इंजिनात त्यातली बरीचशी उष्णता होऊन जातात. मग पाणी फोडायला ऊर्जा कुठून आणणार? गाडीची बॅटरी तर इंजिनच चार्ज करतं.

घरी बघायचंय? खाण्याचा सोडा विरघळवलेल्या पाण्यात (मीठ नको, क्लोरीन सुटतो) दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली एकमेकींना न टेकवता उभ्या करा आणि त्यांची वरची टोकं वायरने सेलच्या दोन टोकांना जोडा. दीड व्होल्टच्या सेलवर बुडबुडे जेमतेम दिसतील, ९ व्होल्टवर भराभर येतील. वायर काढली की लगेच थांबतील. खिडकी मात्र उघडी ठेवा.