माइलस्टोन कॉमिक्स

माइलस्टोन कॉमिक्स : अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समधील एक इम्प्रिंट (स्वतंत्र नावाने चालणारी प्रकाशनशाखा). ड्वेन मॅकडफी, डेनिस कावन, मायकल डेव्हिस व डेरेक डिंगल या चार आफ्रिकन-अमेरिकनांनी ‘माइलस्टोन मीडिया’ ही कंपनी काढली आणि १९९३ पासून तिचे अंक सुपरमॅनच्या प्रकाशक डीसी कॉमिक्समार्फत बाजारात आले.

इम्प्रिंट म्हणजे एरवी मोठ्या प्रकाशकाच्या घरातली वेगळी खोली. माइलस्टोनचे तसे नव्हते. पात्रांचा स्वामित्वहक्क आणि कथा-चित्रांवरचा अंतिम शब्द माइलस्टोनकडेच राहिला. छपाई, वितरण व विक्री डीसीकडे गेली. ज्या व्यवसायात पात्र रचणाऱ्याच्या हाती बहुधा फक्त मानधन पडे, तिथे हा करारच खरा पराक्रम होता. एखादा अंक न छापण्याची मुभा मात्र डीसीला होती. त्यामुळे कुरबुरी झाल्या. ‘स्टॅटिक’च्या २५व्या अंकाच्या मुखपृष्ठावर किशोरवयीन नायक प्रेयसीचे चुंबन घेताना आणि जवळच निरोध दाखवला होता, त्यावर डीसीने हरकत घेतली.

यामागे मॅकडफीचे एक साधे निरीक्षण होते. कथेत कृष्णवर्णीय पात्र एकच असले, की त्याला साऱ्या समाजाचा प्रतिनिधी व्हावे लागते. मग त्याला चुकण्याची, मूर्ख किंवा स्वार्थी असण्याची सोय उरत नाही. त्याआधी मार्व्हल या डीसीच्या प्रतिस्पर्धी कंपनीत असताना त्याने स्केटबोर्डवरच्या कृष्णवर्णीय नायकांच्या ठोकळेबाज साच्याची टर उडवणारा खोटा प्रस्ताव कार्यालयात फिरवला होता. माइलस्टोनमध्ये त्याला पात्रांची गर्दीच उभी करता आली.

डकोटा या काल्पनिक शहरात घडणाऱ्या चार मालिकांनी सुरुवात झाली. ‘हार्डवेअर’चा कर्टिस मेटकाफ हा हुशार अभियंता, आपल्या शोधांवर गब्बर होणाऱ्या मालकाविरुद्ध तो स्वतःच बनवलेले चिलखत घालून लढतो. निर्मितीवरच्या मालकीचा मुद्दा इथे थेट कथेतच उतरला आहे. ‘ब्लड सिंडिकेट’ टोळ्यांतल्या पोरांची कथा. टोळ्यांच्या लढाईत पोलीस अश्रुधूर सोडतात, त्यातल्या प्रायोगिक रसायनाने अनेक जण मरतात आणि वाचलेल्यांना शक्ती मिळतात. या घटनेला ‘बिग बँग’ म्हणतात. ‘स्टॅटिक’ म्हणजे विजेवर हुकमत मिळवलेला शाळकरी व्हर्जिल हॉकिन्स. वर्णामुळे फ्लोरिडा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेश नाकारला गेलेल्या व्हर्जिल डी. हॉकिन्स यांच्यावरून हे नाव घेतले आहे.

चौघांत सर्वांत धाडसी ‘आयकॉन’. १८३९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागात कोसळलेला परग्रहवासी, त्याला प्रथम पाहणाऱ्या गुलाम स्त्रीच्या वंशाचे रूप घेतो आणि पुढे ऑगस्टस फ्रीमन नावाने गडगंज, पुराणमतवादी वकील होतो. आपल्या शक्ती लोकांसाठी वापर, असे त्याला सुनावते ती राकेल अर्व्हिन ही गरीब वस्तीतली मुलगी. पुढे ती ‘रॉकेट’ नावाने त्याची साथीदार होते आणि अविवाहित माताही. राजकीय मते न जुळणाऱ्या या दोघांचे वाद मारामारीपेक्षा जास्त वाचनीय आहेत.

रंगकामाकडेही कंपनीने लक्ष दिले. कृष्णवर्णीय म्हणजे एकच तपकिरी छटा, हा प्रघात मोडण्यासाठी जलरंगांनी हाताने रंगवण्याची ‘माइलस्टोन १००’ पद्धत वापरली गेली.

१९९४ मध्ये ‘झोम्बी’, ‘शॅडो कॅबिनेट’, ‘कोबाल्ट’ ही शीर्षके वाढली आणि ‘वर्ल्ड्स कोलाइड’ या कथेत डकोटाची गाठ सुपरमॅनच्या जगाशी पडली. पण वेळ वाईट होती. भाव वाढेल म्हणून अंकांचे गठ्ठे घेऊन ठेवणाऱ्यांचा फुगा फुटला होता. त्यात ही ‘फक्त कृष्णवर्णीयांची कॉमिक्स’ असा विक्रेत्यांचा समज झाला. खरे तर माइलस्टोनच्या पानांवर अनेक वंशांची माणसे होती. १९९७ मध्ये प्रकाशन थांबले.

नाव टिकले ते दूरचित्रवाणीमुळे. ‘स्टॅटिक शॉक’ ही अॅनिमेशन मालिका २००० ते २००४ या काळात ५२ भाग चालली आणि अंक कधी न पाहिलेल्या मुलांपर्यंत व्हर्जिल पोहोचला. २०११ मध्ये मॅकडफीचे निधन झाले. २०१५ मध्ये चित्रपट दिग्दर्शक रेजिनाल्ड हडलिन यांनी कावन व डिंगल यांच्यासह पुनरुज्जीवनाची घोषणा केली, तरी डीसीकडून नव्या मालिका यायला २०२१ उजाडले. त्यांत बिग बँग टोळीयुद्धात होत नाही. कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचारांविरुद्धच्या ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ चळवळीच्या निदर्शनांवर पोलीस अश्रुधूर सोडतात, तेव्हा होतो.