गोव्यात भाटासकट जुनं घर घेताना: कोण घेऊ शकतो, कुठले कागद लागतात

साष्टीतल्या किंवा बार्देशातल्या जुन्या घराची जाहिरात वाचली की चित्र ठरलेलं असतं: बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), शिंपल्यांच्या खिडक्या, मागे विहीर, नारळाचं भाट, म्हणजे बागेची जमीन, आणि आवाराच्या कोपऱ्यात एक छोटं घर. गिऱ्हाईक खिडक्यांवर भाळतं. व्यवहार मात्र बहुतेक वेळा त्या कोपऱ्यातल्या घरापाशी अडतो, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी.

तिथे कोणी राहत असेल तर ते कोणत्या नात्याने राहतात हे आधी पाहा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने पिढ्यान्‌पिढ्या राहणारं कुटुंब १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली येतं. मालक बदलला म्हणून त्यांचा हक्क जात नाही, तो वारसांकडे जातो, आणि मामलेदाराच्या (तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याच्या) आदेशाशिवाय त्यांना कोणी हलवू शकत नाही. शिवाय राहतं घर भोवतालच्या जागेसह विकत घेण्याचा हक्कही त्यांना आहे: पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र २०० पर्यंत. म्हणजे तुम्ही पैसे मोजलेल्या आवाराचा तुकडा उद्या कायद्याने दुसऱ्याचा होऊ शकतो. भाडं देणारा, आवारातल्या घरात राहणारा पगारी नोकर किंवा चौकीदार, आणि घराची राखण करायला ठेवलेला माणूस मात्र मुंडकार ठरत नाही. विकणारा हमखास म्हणतो, ‘तो आमचा राखणदारच.’ तोंडी शब्दावर जाऊ नका. मामलेदार कचेरीतली मुंडकार नोंदवही पाहा, तिथे एखादा दावा चालू आहे का ते विचारा, आणि त्या कुटुंबाशी स्वतः बोला. नोंदवहीत नाव नाही म्हणून हक्क नाही असं होत नाही. मुंडकार म्हणून घोषित करून घेण्यासाठी पुढेही अर्ज करता येतो.

मग जमिनीचा उतारा. महाराष्ट्रातून आलेल्यांना सातबाऱ्याची सवय असते. इथे गावात एक-चौदाचा उतारा आणि सोबत सर्व्हे प्लॅन लागतो, शहरी हद्दीत फॉर्म ‘डी’. कब्जेदाराइतकंच लक्ष कुळाच्या आणि इतर हक्कांच्या रकान्याकडे द्या. कुळाचं नाव असेल तर ती जमीन विकण्याचा अधिकार मालकाकडे उरला आहे का, हा प्रश्न वकिलाकडून सोडवून घ्यावा. भाताचं शेत आवाराला जोडून विकत असतील तर आणखी सावध राहा, कारण २०२३ च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी आली आहे. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाची सामाईक जमीन राखणाऱ्या जुन्या संस्थेची, असेल तर मालकीचा हिशेबच वेगळा.

सर्व्हेचा उतारा एकटा मालकी सिद्ध करत नाही. पोर्तुगीज काळातले देस्क्रिसांव (मालमत्तेचं वर्णन) आणि इन्स्क्रिसांव (मालकाच्या नावाची नोंद) यांचे दाखले काढा आणि मूळ नोंदीशी ताडून पाहा. जुन्या दस्तांच्या बनावट प्रती करून परदेशी गेलेल्यांच्या जमिनी लाटल्याची इतकी प्रकरणं निघाली की सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. कुलूपबंद, वारस दूर असलेली घरंच अशा टोळ्यांना सोयीची.

वारसांची भानगड मात्र सगळ्यात वेळखाऊ. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर, नवरा-बायको दोघंही मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक. त्यामुळे विक्रीखतावर विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही हवीच, घर विकणाऱ्याला वारशाने मिळालं असलं तरी. पणजोबांच्या नावावरच्या घराला लिस्बन, लंडन, मुंबईत पसरलेले वीस-पंचवीस मालक निघाले तर नवल नाही. चांदरचा प्रसिद्ध ब्रागांझा वाडाही घराण्याच्या दोन शाखांत विभागलेला आहे. विशेष नोटरीसमोरचा वारस दस्त किंवा न्यायालयातली इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटून देणारी कारवाई), आणि त्यासाठी सगळ्यांचे जन्म, विवाह, मृत्यूचे दाखले मागा. ‘सगळे तयार आहेत’ एवढ्यावर बयाणा देऊ नये.

घेऊ कोण शकतो? भारतीय नागरिकाला घर घ्यायला गोव्यातलाच असण्याची अट नाही. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) घर घेऊ शकतात, पण शेतजमीन, बागायत आणि फार्महाउस विकत घेऊ शकत नाहीत. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोंयकारांनी हे विशेष पाहावं. भाट कागदोपत्री बागायत असेल तर घर मिळेल आणि भाट अडकेल. म्हणून नगर नियोजन खात्याचा झोनिंग दाखला आधी काढा. घर संवर्धन क्षेत्रात येत असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते, हेही तेव्हाच कळेल. आवाराचा फक्त एक भाग घेणार असाल तर नोंदणीआधी याच खात्याचा ना-हरकत दाखला लागतो.

पुढचं सरळ आहे. सबरजिस्ट्रारकडून बोजा नसल्याचा दाखला, पंचायतीची घरपट्टीची पावती, दोन्ही बाजूंचं पॅन आणि ओळखपत्र, फोटो, मुद्रांक शुल्क, आणि तालुक्याच्या सबरजिस्ट्रार कचेरीत विक्रीखताची नोंदणी. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर निवासी विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर तुम्हीच कापून भरायचा. विक्रेता अनिवासी असेल तर दर बराच जास्त असतो, तो सीएला विचारून ठरवा. नोंदणीनंतर उताऱ्यावर नाव चढवण्याचा फेरफार अर्ज वेगळा करावा लागतो. घरपट्टी आणि विजेचा मीटरही लगेच नावावर करून घ्या.