‘रेग्युलर’ म्हणजे नक्की कोण? ऑनलाइन दहावी-बारावीमागची गोष्ट

ऑनलाइन दहावी-बारावीची चौकशी करणारा पालक शिकवतात कसं हे नंतर विचारतो. आधी विचारतो, “पण हे रेग्युलर धरतात ना?” गणित, विज्ञान आणि मानसशास्त्र पडद्यावर आले त्याची हकिकत या एका शब्दाला बांधलेली आहे.

सुरुवातीचा भाग थोडक्यात उरकता येतो. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. १९७९ मध्ये दिल्लीत केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) शाळेत रोज न जाता शिकायच्या मुक्त शाळेचा प्रकल्प हाती घेतला, १९८९ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था (आजची एनआयओएस) झाली आणि लगेच पुढच्या वर्षी तिला स्वतः परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचा अधिकार मिळाला. पुस्तकं, केंद्रावरचे मोजके संपर्क वर्ग, घरी सोडवून द्यायचे स्वाध्याय आणि पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसायची मुभा, असा तिचा कारभार. ‘ऑनलाइन’ आलं ते फार पुढे, आणि या चौकटीत फक्त पुस्तकांच्या गठ्ठ्याच्या जागी येऊन बसलं.

घोळ झाला तो शब्दांचा. मराठी घरात ‘मुक्त’ म्हटलं की नाशिकचं विद्यापीठ आठवतं, म्हणजे पदवी. ‘बाहेरून बसणं’ म्हणजे १७ नंबरचा फॉर्म: परीक्षा राज्य मंडळाचीच, फक्त वर्ग नाहीत. ‘दूरस्थ’ म्हणजे टपालाने. ‘ऑनलाइन’ म्हणजे काहीही, अगदी क्लासवाल्याच्या रेकॉर्ड केलेल्या लेक्चरपासून झूमवरच्या शाळेपर्यंत. २०१७ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ ‘स्वयम्’ आणि त्याच वर्षी शिक्षक दिनाला शालेय अभ्यास साहित्याचं ‘दीक्षा’ सुरू झालं, तेव्हा गोंधळ आणखी वाढला. स्वयम् वर नववी ते बारावीचे कोर्स आहेत: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःची चाचणी, चर्चा. पण कोर्स पूर्ण केला म्हणजे बारावी झाली असं नाही. गुणपत्रिका देणारं मंडळ वेगळं, त्याची नोंदणी वेगळी, परीक्षा वेगळी. हा फरक एका ओळीत लिहून ठेवला असता तर कितीतरी पालकांचे हेलपाटे वाचले असते.

तीन विषयांची तऱ्हाही तीन प्रकारची. गणिताला पडद्याचा त्रास सर्वांत कमी झाला. फळ्यावरचं उदाहरण पडद्यावर गेलं, वही तीच राहिली. मानसशास्त्र तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. नेहमीच्या शाळेत ते अकरावीपर्यंत भेटत नाही, महाराष्ट्रात तर सहसा कला शाखेतच. मुक्त शाळेत मात्र दहावीच्या विषयांतही ते आहे, गणित आणि विज्ञानाच्या रांगेत. त्याला प्रात्यक्षिकं नाहीत असा समज आहे, तोही खोटा. केंद्रीय मंडळाच्या बारावीत लेखी ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० चं; कुणाला तरी समोर बसवून चाचणी घ्यायची आणि अहवाल लिहायचा. पण त्यासाठी खोली, दोन खुर्च्या आणि छापील प्रश्नावली पुरते, म्हणून त्याच्या ऑनलाइन होण्यावर कुणी हरकत घेतली नाही.

सगळी हरकत विज्ञानावर आली. टायट्रेशनचं बघा, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून रंग कधी बदलतो ते टिपायचा प्रयोग. ‘ओलॅब्स’सारख्या आभासी प्रयोगशाळेत माउसने ब्युरेटची तोटी उघडली की थेंब पडतात आणि फ्लास्कमधलं द्रावण गुलाबी होतं. खऱ्या टेबलावर डावा हात तोटीवर, उजवा फ्लास्क फिरवतोय, आणि रंग येतो येतो म्हणताना एक थेंब जास्त पडला की गडद गुलाबी. ओता सिंकमध्ये आणि पुन्हा पहिल्यापासून. हा हात पडद्यावर बसत नाही, हे मान्यच. म्हणून मुक्त शाळेतही प्रात्यक्षिकं केंद्रावर जाऊनच द्यावी लागतात. हे ठाऊक नसणाऱ्यांनी ‘घरबसल्या सायन्स’ अशी टर उडवली, आणि ती टर पुढे नियमात उतरल्यासारखी दिसली.

तो नियम आला २२ जानेवारी २०१८ ला. वैद्यकीय शिक्षणाच्या तेव्हाच्या नियामक संस्थेने आपल्या जुन्या नियमांत दुरुस्ती केली: बारावीच्या पातळीवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र ‘नियमित’, म्हणजे तेच ते ‘रेग्युलर’, आणि सलग दोन वर्षं शिकलेलं असावं, मुक्त शाळेतून किंवा खाजगीरीत्या बारावी झालेल्यांना नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला, बसता येणार नाही, आणि जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेतलेलंही चालणार नाही. त्या वर्षीची नीट होती ६ मेला. म्हणजे दोन-दोन वर्षं अभ्यास झालेल्या मुलांना साडेतीन महिने आधी सांगितलं, तुम्ही रांगेतच नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने फॉर्म भरू दिले, आणि परीक्षेनंतर पाच दिवसांनी, ११ मेला, मुक्त शाळा आणि जादा विषयाबद्दलच्या अटी घटनाबाह्य ठरवल्या. कमाल वयाची अट मात्र त्याच निकालात टिकली. नियामक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि प्रकरण पडून राहिलं.

त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी लावायचा आदेश काढावा लागला. कारण उघड होतं. मुलाचं नाव महाविद्यालयाच्या पटावर आणि मूल दिवसभर क्लासमध्ये. ‘टाय-अप’ आणि ‘इंटिग्रेटेड’ हे शब्द पुण्या-मुंबईत कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. क्लासेससाठी प्रसिद्ध राजस्थानातल्या कोटाच्या बाजूला त्यालाच ‘डमी’ म्हणतात. कागदोपत्री ही मुलं नियमित, आणि नाव नोंदवून, स्वाध्याय देऊन, केंद्रावर ब्युरेट हातात धरणारी मुलं अनियमित. दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहणारं कुणी एका टेबलावर बसलं होतं, असं वाटत नाही.

मग २०२० उजाडलं आणि ‘नियमित’ शब्दाचे उरलेसुरले टाकेही उसवले. मार्चपासून वर्ग बंद, अभ्यासक्रमात कपात, २०२१ मध्ये तर दहावी-बारावीच्या परीक्षाच रद्द. त्या वर्षीच्या मुलांची बारावी जवळजवळ पूर्ण मोबाइलवर झाली आणि सप्टेंबरात त्यांनी नीट दिली. ती नियमितच धरली गेली, आणि धरायलाच हवी होती. मुक्त शाळेच्या मुलांचं अपील मात्र तेव्हाही दिल्लीत प्रलंबित होतं.

सोडवणूक झाली ती गाजावाजा न होता. जुनी नियामक संस्था २०२० मध्येच जाऊन नवी आली होती. तिने २०२३ मध्ये पदवीपूर्व शिक्षणाचे नवे नियम केले, नोव्हेंबरात जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेतलेलं चालेल असं जाहीर केलं, आणि २०२४ च्या सुरुवातीला मुक्त शाळांना मान्यता असल्याचं सर्वोच्च न्यायालयापुढे आल्यावर अपील निकाली निघालं. सहा वर्षं लागली. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची संयुक्त परीक्षा तोवर मुक्त शाळेच्या मुलांना पाच विषय असले की बसू देत होती. तिथे हा वाद कधी पेटला नाही.

बारावीला गणित घेऊन नंतर डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या मुलीला आता जीवशास्त्र तेवढं मुक्त शाळेतून घेता येतं. पाठ फोनवर बघायचे. प्रात्यक्षिकासाठी केंद्रावर जायचं, तिथल्या सूक्ष्मदर्शकापुढे रांग लावायची, आणि लेखी परीक्षा एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये, पेनाने, कागदावर.