ड्रॅक्स वीज केंद्र

इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशरमध्ये, सेल्बी गावाजवळ ऊझ नदीच्या काठी असलेले औष्णिक वीज केंद्र. कोळशासाठी बांधलेले हे केंद्र आज लाकडी पेलेटवर, म्हणजे दाबून केलेल्या लहान लाकडी गोळ्यांवर चालते. पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला, तर १९८६ पर्यंत ६६० मेगावॉटचे सहा संच पूर्ण झाले. एकूण क्षमता सुमारे ३,९६० मेगावॉट होती. म्हणजे आपल्या चंद्रपूरच्या केंद्रापेक्षा हजारभर मेगावॉट जास्त. बारा कूलिंग टॉवर आणि २५९ मीटर उंचीची चिमणी दुरूनच दिसते.

जागा निवडली ती सेल्बीच्या कोळशासाठी. तिथल्या खाणी २००४ मध्ये बंद झाल्या. त्याच सुमारास ड्रॅक्सने कोळशात थोडा जैवभार (लाकडासारखे वनस्पतिजन्य इंधन) मिसळून पाहायला सुरुवात केली, आणि २०१३ ते २०१८ या काळात चार संच पूर्णपणे पेलेटवर आणले. उरलेल्या दोन कोळसा संचांची नियमित वीजनिर्मिती २०२१ मध्ये थांबली. २०२३ मध्ये ते कायमचे बंद झाले.

टर्बाइन आणि जनित्रे जुनीच राहिली. इंधन उतरवण्यापासून ते बॉयलरपर्यंतची व्यवस्था मात्र बदलावी लागली. कोळसा उघड्यावर पावसात भिजला तरी फारसे बिघडत नाही. भुसा दाबून केलेले पेलेट मात्र पाणी लागताच फुगतात आणि त्यांचा लगदा होतो. म्हणून मालगाडीचे डबे झाकलेले, आणि साठवणीला सुमारे ५० मीटर उंचीचे चार घुमट. त्यांत मिळून तीन लाख टन माल मावतो. ढीग आतून आपोआप तापतो, धूळ स्फोटक असते. एसेक्समधील टिलबरी केंद्रात २०१२ मध्ये पेलेटच्या साठ्याला मोठी आग लागली होती.

आपल्याकडे साखर कारखाने बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर वीज करतात, पण ते इंधन कारखान्यातच पडलेले असते. ड्रॅक्सचे बरेचसे पेलेट अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना, मिसिसिपी या राज्यांतून अटलांटिक ओलांडून येतात. शिवाय कॅनडा आणि बाल्टिक देशांतूनही. खाणीच्या दाराशी बांधलेल्या केंद्राचे इंधन आता जहाजाने येते.

वादाचे मूळ कार्बनच्या हिशेबात आहे. चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड ब्रिटनच्या वीज क्षेत्राच्या खात्यात शून्य धरला जातो. झाड जिथे तोडले तिथल्या जंगलाच्या खात्यात तो मोजावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. प्रत्यक्षात लाकूड जाळून केलेल्या दर युनिट विजेमागे निघणारा वायू कोळशाहून कमी नसतो. तोडलेले झाड पुन्हा वाढून तो शोषून घेईल, हे गृहीत आहे. पण त्याला दशके लागतात. कंपनीचे म्हणणे असे, की पेलेट मुख्यतः लाकूड कारखान्यांतील उरल्यासुरल्या आणि कमी प्रतीच्या लाकडापासून होतात. पर्यावरणवादी संघटनांना ते मान्य नाही. २०२४ मध्ये ब्रिटनची ऊर्जा नियामक संस्था ऑफजेमच्या चौकशीत लाकडाच्या प्रकारांची माहिती नीट न दिल्याचे आढळले आणि ड्रॅक्सने अडीच कोटी पौंड भरले.

हे सारे सरकारी अनुदानावर उभे आहे. चालू अनुदान २०२७ पर्यंतचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने २०३१ पर्यंतचा पुढचा करार जाहीर केला. त्यानुसार केंद्र आजच्यापेक्षा बरेच कमी, मुख्यतः गरजेपुरतेच चालवायचे आहे.