लीड स्क्रू का बॉल स्क्रू? लाईन गेली की फरक कळते

घरी बनवलेल्या सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर, देवघराच्या सागवानी दारावर मोर कोरत होतो, तीन तास झाले होते अन् लाईन गेली. खेड्यात लाईन जाणं काही नवीन नाही भाऊ, पण त्या दिवशी चार-पाच किलोचा स्पिंडल, म्हणजे बिट (कोरायचं पातं) फिरवणारी मोटर, दाणकन खाली आला, बिट तोवर फिरतच होती, मोराच्या मानेत आरपार भोक. झेड ॲक्सिसले, म्हणजे वरखाली चालीले, मी बॉल स्क्रू लावला होता, भारी असते म्हणून.

म्हणून सांगतो राजेहो, घरी सीएनसी बनवत असाल तर लीड स्क्रू अन् बॉल स्क्रू या दोघांत गल्लत करू नका. फोटोत सारखेच दिसतात, आटे असलेला दांडा अन् त्यावर नट, कामही एकच, मोटरचं गोल फिरणं सरळ चालीत बदलायचं. फरक नटाच्या पोटात आहे. लीड स्क्रूचा पितळी नट आट्यांवर घासत सरकते. बॉल स्क्रूच्या नटात सायकलच्या बेअरिंगसारखे छर्रे असतात, ते आट्यांतून घरंगळत जातात अन् नटातल्याच वाटेनं फिरून परत येतात.

घासण्यात ताकद वाया जाते, बॉल स्क्रूत मोटरची जवळपास ९० टक्के ताकद कामी येते. पण तेच घासणं धरूनही ठेवते. गाडीचा स्क्रू जॅक बघा, हँडल सोडलं तरी गाडी खाली बसत नाही. बॉल स्क्रूले असा अडकाव नाही, स्टेपरची, म्हणजे टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या मोटरची, वीज गेली की वजन स्क्रूलेच उलटं फिरवते.

आता खरी फसगत. लीड स्क्रू म्हणजे पडणारच नाही असं नाही! बाजारात मिळणारा ८ मिमीचा टी८ बहुतेक चार आट्यांचा असते, म्हणजे चार आटे शेजारी-शेजारी गुंडाळलेले, पिच (शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर) २ मिमी पण एका फेऱ्यात नट ८ मिमी जाते, यालेच लीड म्हणतात, तोही वजनानं घसरते. एका आट्याचा, २ मिमी लीडवाला मागा. मशीनच्या सेटिंगमध्येही हाच लीडचा आकडा लागते, एका फेऱ्यात २०० स्टेपची मोटर ८ मायक्रोस्टेपवर, म्हणजे एका स्टेपचे आठ तुकडे करून, चालवली तर ८ मिमी लीडले दर मिमी २०० स्टेप, २ मिमीले ८००, अन् १६०५ बॉल स्क्रूले ३२०, कारण तो १६ मिमी जाड अन् ५ मिमी लीडचा.

एक्स-वायले, म्हणजे आडव्या-उभ्या चालीले, मात्र मी बॉल स्क्रूच लावीन. प्ले, म्हणजे नटाचा ढिलेपणा, कमी, म्हणून गोल गोलच निघते, अन् चार फुटावर ८ मिमीचा बारीक दांडा जोरात फिरवला की दोरीसारखा झुलते. फक्त भुशापासून जपा, सागाचा बारीक भुसा छऱ्यांत गेला की नट खरखरते, झाकण हवंच. अन् नट दांड्यावरून तसाच काढू नका, छर्रे सांडतात, दांड्याच्या टोकाले पाईपचा तुकडा लावून त्यावर सरकवा. चौथा ॲक्सिस, लाकूडच गोल फिरवून पाळण्याचे पाय कोरायचा, तिथं हा प्रश्नच नाही, तो गिअर नाहीतर बेल्टवर फिरते.

झेडले मी आता १२ मिमी जाड, ३ मिमी लीडचा लीड स्क्रू बसवला. वरखाली थोडं हळू होते, चालते मले. बॉल स्क्रूच हवा असेल तर ब्रेकवाली मोटर घ्या, वीज गेली की ब्रेक आपोआप लागते. दुकानात ओळखायचं असेल तर दांडा सैल धरून नट हातानं सरळ ढकला, दांडा फिरला तर तो स्क्रू बिना ब्रेकचा झेडले लावू नका.