थर्मोस्टॅट (घरगुती) : जागेची निवड

खोलीतील तापमान पाहून तापनयंत्रणा किंवा वातानुकूलक आपोआप चालू-बंद करणाऱ्या उपकरणासाठी घरात योग्य जागा ठरविणे. मध्यवर्ती तापनाची (एकाच भट्टीने वा बॉयलरने सर्व खोल्या उबदार ठेवण्याची) सोय असलेल्या उत्तर अमेरिकेतील व यूरोपातील घरांत हा प्रश्न मुख्यतः येतो.

तापमान-नियंत्रकाच्या आरंभाविषयी एकमत नाही. कोर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये भट्टी व अंडी उबविण्याची पेटी यांसाठी असा नियंत्रक बनविल्याचे सांगतात. त्याचे तपशील मात्र मुख्यतः त्याच्या मृत्यूनंतरच्या लेखनातून मिळतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बॉनमँ या फ्रेंच अभियंत्याने भिन्न धातूंच्या असमान प्रसरणाचा उपयोग केला, तर अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० च्या सुमारास द्विधातू पट्टीच्या (दोन भिन्न धातू एकत्र जोडलेल्या, तापल्यावर वाकणाऱ्या पट्टीच्या) नियंत्रकाचे एकस्व घेतले. मापन खोलीत आणि उष्णतेचा उगम तळघरात, अशी फारकत झाल्यावरच जागेचा प्रश्न उभा राहतो. या दृष्टीने वॉरन जॉन्सन (विस्कॉन्सिन, १८८३) व ॲल्बर्ट बट्झ (मिनीॲपोलिस, सु. १८८५) यांचे दावे विचारात घेतले जातात. जॉन्सनचे मूळ उपकरण शाळेतील वर्गांसाठी होते व ते तळघरातील कामगाराला फक्त सूचना देई. बट्झच्या रचनेत भट्टीला हवा पुरविणारी झडपच हलत असे. घरगुती वापरापुरता बट्झचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

थर्मोस्टॅटला कळते ते केवळ त्याच्या अवतीभवतीच्या हवेचे तापमान. म्हणून वावराच्या खोलीतील आतली भिंत, जमिनीपासून सुमारे १.५ मी. उंची, हा संकेत रूढ झाला. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांचा हात पोहोचावा म्हणून अमेरिकेतील सुगम्यता मानकांत सुमारे १.२ मी. ही मर्यादा आढळते. थेट ऊन, स्वयंपाकघर, दिवे, गरम हवेचा झरोका, दाराची मागची बाजू व बाहेरची भिंत या जागा टाळतात. पोकळ भिंतीतून तार आणण्यासाठी पाडलेले भोक बुजविणे मात्र अनेकदा राहून जाते. पोकळीतील थंड हवा त्यातून उपकरणाच्या पाठीशी येते आणि खोली उबदार असूनही भट्टी पेटत राहते. जागा निर्दोष असली, तरी हा दोष उरतोच. पाऱ्याचा खटका (कलणाऱ्या नळीतील पाऱ्याने वीजप्रवाह जोडणारा-तोडणारा) असलेली जुनी उपकरणे समतल बसवावी लागत, अन्यथा ठरविलेल्या अंशात फरक पडे.

ब्रिटनमध्ये थर्मोस्टॅट असलेल्या खोलीतील रेडिएटरवर (बॉयलरच्या गरम पाण्याने खोली तापविणाऱ्या साधनावर) तापनियंत्रक झडप, म्हणजे खोली तापताच पाण्याचा प्रवाह आपोआप कमी करणारी झडप, बसवीत नाहीत. झडप आधीच मिटल्यास खोली ठरविलेल्या तापमानापर्यंत पोहोचत नाही, बॉयलर चालू राहतो आणि इतर खोल्या अकारण तापू शकतात.

भारतात प्रचलित असलेल्या स्प्लिट एसीमध्ये संवेदक आतील युनिटमध्ये, परतणाऱ्या हवेच्या मार्गात असतो. साहजिकच तो छताजवळची हवा मोजतो. काही प्रकारांत रिमोटमध्येही संवेदक असतो. तो वापरायचा असल्यास वरील पथ्ये रिमोट ठेवण्याच्या जागेलाही लागू पडतात.