उन्हाळ्यात कुरळ्या कुत्र्याचं टक्कल करू नका

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की सल्ला ठरलेला: कुत्र्याचे केस पार कातडीपर्यंत काढा, गार वाटेल त्याला. हे चुकीचं आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. उघडी कातडी उलट उन्हाने भाजते.

पूडल या जातीच्या संकरातून झालेल्या कुत्र्याचे कुरळे केस वाढतच राहतात, म्हणून कापायचे जरूर, पण बोटाच्या पेराएवढे ठेवून. खरा छळ गुंत्यांचा असतो. हवा अडते, कातडी ताणली जाते, बिचारं जनावर सांगू शकत नाही. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली थेट मुळापासून विंचरा, तेही आंघोळीआधी. भिजला की गुंता आवळतो. गुंत्यात कात्री घालू नका, कातडी आत ओढलेली असते.